'हॅव', 'हॅड' आणि 'एबल टू' तोंडात कसं बसवू?

मिरजेची सिस्टर:
सर्जिकल वॉर्डात अकरा वर्षं झाली, आता ओईटी, म्हणजे परदेशी नोकरीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा देतेय. बोलण्याच्या परीक्षेत दोन रोल-प्ले, प्रत्येकी पाच मिनिटांचे. वैद्यकीय शब्द अडत नाहीत, काळ अडतो. परवा सरावात म्हणाले, 'द पेशंट हॅड व्हॉमिटेड यस्टरडे.' मैत्रीण म्हणाली, हॅड काढ. हॅज घातलं, तेही चूक! आणि 'काल रात्री झोपू शकल्या' याला 'कुड स्लीप' म्हणायचं की 'वॉज एबल टू'? ड्युटी बारा तासांची, लेक दुसरीत, सरावाला रात्रीचा अर्धा तास मिळतो. नियम पाठ आहेत, पण बोलताना सगळं विसरायला होतं. काय करू?

निवृत्त शिक्षक, वाई:
ताई, घोळ आपल्या 'होती'चा आहे. 'काल उलटी झाली होती' हे मराठीत सहज चालतं, म्हणून तोंडात हॅड येतं. यस्टरडे, ॲट सिक्स अशी सरलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच: 'ही व्हॉमिटेड यस्टरडे.' वेळ अजून चालू असेल तर हॅज: 'ही हॅज व्हॉमिटेड ट्वाइस सिन्स सिक्स ओक्लॉक.' आणि 'सिन्स थ्री डेज' कधीच नको, 'फॉर थ्री डेज'.

पूर्वी एरवी जमायचं त्याला कुड: 'बिफोर द फॉल शी कुड क्लाइंब द स्टेअर्स.' एखाद्या वेळी प्रत्यक्ष जमलं, तर 'शी वॉज एबल टू स्लीप लास्ट नाइट.' नकारात मात्र 'कुडन्ट स्लीप'ही बरोबर. आपल्याकडे 'पोहता येतं', 'उचलू शकते', 'जिना चढवत नाही' अशा तीन वाटा. इंग्रजीत तिन्हींना कॅन पुरतं. पण हॅवनंतर कॅन बसत नाही, तिथे 'बीन एबल टू'च लागतं.

कॉर्क, आयर्लंडहून:
मी इथे वॉर्डातच आहे. रोज लागणारे प्रश्न हेच: 'हॅव यू पास्ड युरिन यट?', 'हॅव यू बीन एबल टू ईट एनीथिंग?' पुस्तक बाजूला ठेव. ड्युटी संपली की एका पेशंटचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला सांगायची माहिती, नाव न घेता, मोबाइलवर रेकॉर्ड कर: ऑपरेशनपासून काय झालं, काय अजून नाही, आता काय जमतं. मी बसमध्ये पुटपुटायचे. आणि इथे आलीस की आजोबा म्हणतील, 'आयम आफ्टर टेकिंग माय टॅबलेट्स.' म्हणजे गोळ्या आत्ताच घेतल्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, घ्यायच्या राहिल्यात! तू मात्र परीक्षेत 'आय हॅव जस्ट टेकन'च म्हण.

मिरजेची सिस्टर:
खूप आभार, सर, ताई. गुडघा बदललेल्या एका आजींवर आज केलं: 'शी हॅज वॉक्ड टू द बाथरूम ट्वाइस टुडे. शी हॅजन्ट हॅड एनी फीवर सिन्स ट्यूजडे. शी कॅन लिफ्ट हर लेग, बट शी हॅजन्ट बीन एबल टू बेंड इट फुली यट.' चार वेळा रेकॉर्ड केलं, लेक शेजारी झोपलेली. 'हॅजन्ट हॅड'ला दर वेळी अडखळले. एकाच वाक्यात दोन्ही चालतात?

निवृत्त शिक्षक, वाई:
चालतात. हॅजन्ट काळासाठी, आणि पुढचं हॅड म्हणजे ताप 'असणं'. चारही वाक्यांगं चोख आहेत. उद्या तोच हँडओव्हर प्रश्नांच्या रूपात करा, आजींना विचारल्यासारखा.