प्रतिसाद: ग्राफिक्स कार्ड ४०६० घ्यावं की ३०६०?

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० आणि ३०६० या ग्राफिक्स कार्डांपैकी कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. तुमचा मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) बी४५० आहे, ही गोष्ट आधीच्या प्रतिसादांत कुणी विचारातच घेतलेली दिसत नाही. सगळे सरळ नवीन म्हणून आरटीएक्स ४०६० घ्या सांगताहेत. पण ४०६० आठच लेनवर (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटांवर) चालतं आणि बी४५० पीसीआयई ३.० चा, म्हणजे या जोडणीच्या जुन्या पिढीचा. त्यामुळे ४.० च्या तुलनेत मिळणारी बँडविड्थ (डेटाचा वेग) निम्मी. एरवी हे जाणवत नाही. पण ४०६० ची स्वतःची ८ जीबी मेमरी भरली, की कार्डाला सिस्टीमच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि तिथे गेम अडखळतो. ३०६० चं १२ जीबी मॉडेल सोळा लेनचं आहे, मेमरीही जास्त. मुलगी ब्लेंडर (थ्रीडी चित्रं-ॲनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर) शिकतेय म्हणालात. मोठा सीन रेंडर करताना, म्हणजे त्याचं अंतिम चित्र बनवताना, ही जादा मेमरीच कामी येते. पण ८ जीबीचं ३०६० सुद्धा मिळतं, खोका नीट वाचून घ्या.

एएमडी कंपनीचं आरएक्स ७६०० कार्ड नुसत्या १०८०पी गेमिंगला छान, पण ब्लेंडरसाठी मी एनव्हिडियाच सुचवेन.

आता आपल्या सोलापूरचं. एप्रिल-मेत पारा चाळिशीपार, खोली दुपारभर तापलेली. ४०६० ला ११५ वॉट लागतात, ३०६० ला १७०. ती सगळी उष्णता खोलीतच येणार. त्यामुळे ३०६० घेतलंत तर दोन पंख्यांचंच घ्या, कॅबिनेटला मागे एक एक्झॉस्ट फॅन लावा. घराजवळ यंत्रमाग असतील तर सुताची धूळ कार्ड थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये गच्च बसते, महिन्याकाठी ब्लोअर मारावाच लागतो.

एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) किती वॉटचा आणि कोणत्या कंपनीचा आहे, ते कळवा. लोकल बनावटीचा असेल तर आधी तो बदला, कार्ड नंतर.