९७ टक्के मतं पडूनही बेटाचा निर्णय का लागत नाही? मदत हवी आहे, शनिवारच्या आत

रेवाचीआई
मुलगी अकरावीत आहे. कॉलेजच्या एमयूएनमध्ये (मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन युनोसारखी सभा भरवतात ती) तिला वसाहतमुक्तीच्या समितीत बोलायचंय. विषय बेटाचा राजकीय दर्जा आणि स्वातंत्र्य. चार दिवस दोघी शोधतोय, पण गुंता काही सुटत नाही. ९७ टक्के लोकांनी एकाच बाजूने मत दिलं म्हणतात, तरी दर्जा होता तसाच. मग मतदान घेतलं कशाला? कुणीतरी सोप्या मराठीत सांगा. लिंका नकोत, ढीगभर वाचून झाल्यात.

स्पर्धापरीक्षावाला
हे न्यू कॅलेडोनियाचं आहे, पॅसिफिकमधला फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश. डिसेंबर २०२१ चं सार्वमत, ९६.५ टक्के मतं फ्रान्ससोबत राहायच्या बाजूने. पण मतदान झालं जेमतेम ४४ टक्के. कोविडमध्ये कनक लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, बरीच माणसं गेली होती, त्यांच्यात शोक दीर्घकाळ पाळतात. मतदान पुढे ढकला म्हणून त्यांनी विनंती केली, पॅरिसने ऐकली नाही, त्यांनी बहिष्कार टाकला. २०१८ ला स्वातंत्र्याच्या बाजूने ४३ टक्के होते, २०२० ला ४७ च्या जवळ. चढता आलेख एकदम साडेतीनवर कसा येईल? मे २०२४ मध्ये मतदारयादीत कुणाला घ्यायचं यावरून तिथे जाळपोळ झाली, माणसं मेली. ही सार्वमतं ज्यातून आली तो १९९८ चा नुमेआ करार पाठ करा, सगळं त्यात आहे.

ऑर्लँडोकर
९७ म्हणजे पोर्तो रिको, अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, २०१७. ताई, आधी बेट कुठलं ते सांगा, आणि मुलगी कुठल्या देशाकडून बोलणार आहे तेही. त्याशिवाय आम्ही हवेत बोलतोय.

रेवाचीआई
पोर्तो रिकोच. देश नंतर बघू हो, आधी मतदानाचं सांगा.

ऑर्लँडोकर
२०१७ चं ९७ टक्के मत स्वातंत्र्यासाठी नव्हतंच. ते अमेरिकेचं ५१ वं राज्य व्हायच्या बाजूचं होतं. बाकीच्या पक्षांनी बहिष्कार टाकला, मतदान २३ टक्के. म्हणजे न्यू कॅलेडोनियासारखंच, एक बाजू घरी बसली की आकडा फुगतो. १९९८ च्या मतदानात तर निम्म्याहून थोडी जास्त मतं ‘वरीलपैकी काहीही नाही’ला पडली होती.
आणि निर्णय का लागत नाही, तर अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रदेशांबाबतचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलाय. बेटावर मतदान घ्या नाहीतर नका घेऊ, काँग्रेस त्याला बांधील नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने बंधनकारक सार्वमताचं विधेयक मंजूर केलं होतं, सिनेटने हातही लावला नाही.

जुनाजाणता
मुळाशी जा. १८९८ ला स्पेन युद्धात हरला आणि त्याच्या ताब्यातलं हे बेट अमेरिकेकडे आलं, बेटावरच्या कुणाला विचारलं नाही. १९०१ मध्ये खटला झाला तो संत्र्यांवरून. बेटावरच्या सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आली, त्यांच्यावर कस्टमने जकात घेतली. व्यापारी म्हणाला, देश एकच तर जकात कसली? सुप्रीम कोर्टाने जकात बरोबर ठरवली. बेट अमेरिकेच्या मालकीचं, पण करांच्या बाबतीत अमेरिकेचा भाग नाही! १९१७ ला नागरिकत्व दिलं, पण बेटावर राहणाऱ्याला आजही राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसतो, त्याला अंतिम मतदानात हात वर करता येत नाही. १९४८ ते १९५७ या काळात घरात बेटाचा झेंडा ठेवणं हा गुन्हा होता. मुलीला हे बोलू द्या. याला वसाहत नाही तर काय म्हणायचं?

ऑर्लँडोकर
वसाहत म्हणा, पण लोकांना काय हवंय तेही सांगा. २०२४ च्या मतदानात स्वातंत्र्याला १२ टक्क्यांच्या आसपास मतं. माझे शेजारी, ऑफिसातले निम्मे लोक पोर्तो रिकोचे आहेत. बेटावर ३२ लाख, इकडे मुख्य भूमीवर ५० लाखांहून जास्त. आई बेटावर पोन्सेला, मुलगा फ्लोरिडात, विमानात बसायला पासपोर्ट लागत नाही. हे नागरिकत्व सोडून द्या असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तोच मुलगा इथे येऊन राहिला की राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकतो, आईला मात्र नाही.

जुनाजाणता
त्याच २०२४ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षाचा हुआन दाल्माउ गव्हर्नरच्या निवडणुकीत दुसरा आला, आणि ‘मुक्त सहयोग’ (स्वतंत्र देश, पण कराराने अमेरिकेशी जोडलेला) या पर्यायाला जवळपास ३० टक्के मतं पडली. तोही सार्वभौमत्वाचाच रस्ता आहे. तुम्ही सोयीचा आकडा उचलताय.

प्रवासीपक्षी
आम्ही डिसेंबरात सान हुआनला गेलो होतो. एच वन बीवाल्यांनी काळजी करू नये, देशांतर्गत विमान असतं, वेगळा व्हिसा लागत नाही. तरी मूळ कागदपत्रं जवळ ठेवा, विमानतळावर विचारतात. एल युंकेचं जंगल चुकवू नका. शाकाहारींनी मोफोंगो मागताना आत डुकराचं मांस घालू नका म्हणून आधीच सांगावं.

फोंडेकर
मतपत्रिकेवर काय पर्याय ठेवता यावर सगळं ठरतं, हे गोंयकाराला कुणी शिकवायला नको. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. वेगळं राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दोन पानं सुमारे ३४ हजारांनी जिंकली आणि राज्य मिळायला ३० मे १९८७ उजाडला. आमच्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला होता, आजीने पानांवर.

कृष्णाकाठ
तेव्हा गोव्यातल्या कितीतरी शाळा मराठी होत्या, वर्तमानपत्रं मराठी होती. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं.

फोंडेकर
मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार विलीनीकरणवादी, तरी कौल निःपक्ष व्हावा म्हणून आधी पायउतार झालं. त्यांनी निकाल मान्य केला, तुम्ही आज का नाही करत?

रेवाचीआई
कृपया गोव्यासाठी वेगळा धागा काढा. रेवा क्यूबाकडून बोलणार आहे. याने काही फरक पडतो का?

जुनाजाणता
अहो, सगळाच फरक पडतो! त्या समितीत पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्याच्या हक्काचा ठराव दरवर्षी जूनमध्ये क्यूबाच मांडतो. म्हणजे तिच्या वाट्याला मुख्य भाषण आलंय.

ऑर्लँडोकर
मग ९७ चा आकडा तिने तोंडातून काढू नये, तो क्यूबाच्या विरुद्ध जातो. आणि अमेरिकेचा प्रतिनिधी पहिलं हे म्हणेल: १९५२ ला बेटाची स्वतःची राज्यघटना झाली, १९५३ ला युनोनेच बेटाला वसाहतींच्या यादीतून वगळलं. याची तयारी हवी.

स्पर्धापरीक्षावाला
न्यू कॅलेडोनिया १९८६ मध्ये यादीत परत आलं. नावं परत येतात, हे उदाहरण द्या. मी म्हटलंच होतं, ते वाचून ठेवा.

रेवाचीआई
छान. पण समोरच्याने स्वातंत्र्याचे १२ टक्के काढले तर? ती याच प्रश्नाला घाबरलीय.

जुनाजाणता
तिने स्वातंत्र्यच हवं असा हट्ट धरायचा नाही. युनोच्या १९६० च्या ठराव १५४१ मध्ये वसाहतीला तीन मार्ग दिलेत: स्वतंत्र देश, मुक्त सहयोग किंवा दुसऱ्या देशात समान हक्काने विलीन होणं. तिने म्हणावं, तिन्हीपैकी काहीही निवडू द्या, पण लागेल तो निकाल आम्ही पाळू असं काँग्रेसने मतदानाआधी लेखी द्यावं. असं लेखी कधी दिलंय का, एवढं विचारलं तरी पुरे.

ऑर्लँडोकर
याला माझी ना नाही. जोडीला २०१६ घ्या. त्या वर्षी सुप्रीम कोर्टानेच एका खटल्यात म्हटलं की बेटाच्या सत्तेचा अंतिम उगम काँग्रेस आहे. त्याच महिन्यात, ७० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज झालं म्हणून काँग्रेसने कायदा करून सात जणांचं वित्तीय मंडळ बसवलं. लोक त्याला ‘ला हुंता’ (स्पॅनिशमध्ये ‘मंडळ’) म्हणतात. निवडून आलेल्या सरकारचा अर्थसंकल्प ते नाकारू शकतं. बेटावर त्या सातांपैकी एकालाही कुणी मत दिलेलं नाही. १९५२ च्या राज्यघटनेचा मुद्दा आला की तिने लगेच हे पुढे करावं.