विंडोज पाळत ठेवतं म्हणे! भीती खरी की उगाच बोभाटा?

पोफळवाला (रत्नागिरी)

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुरुस्तीला मशीन घेऊन येणारं गिऱ्हाईक एकच विचारतं, "अकरा टाकलं की आपलं सगळं अमेरिकेत जातं ना?" कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवलेला असतो. मग हा माणूस विंडोज ७ वरच चिकटून राहतो, आणि पायरी उतरता उतरता आधार कार्डाचा फोटो कुठल्यातरी लॉजच्या नंबरवर टाकून मोकळा होतो.

ऑपरेटिंग सिस्टीम कंपनीला जे पाठवते त्याला डायग्नॉस्टिक डेटा किंवा टेलिमेट्री म्हणतात. किमान पातळीवर त्यात असतं काय? मशीनचं मॉडेल, रॅम किती, ड्रायव्हर कुठला, कुठलं अपडेट अडकलं, कुठला प्रोग्रॅम कोसळला. तुमची पत्रं नाहीत, पोराबाळांचे फोटो नाहीत. पटत नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर २०१८ पासून फुकट मिळतं, उघडून वाचा. मी वाचलंय. झोप येते.

आणि ही माहिती उपयोगाची असते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फसलेल्या अपडेटने जगभर पडदे निळे पडले, विमानं अडकली. साधारण ८५ लाख मशीनं, हा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आला तो कोसळलेल्या मशीनांनी पाठवलेल्या अहवालांवरूनच.

उलट भीतीपोटी अपडेट टाळण्याची किंमत बघा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्ला झाला मे मध्ये. बळी गेलेल्यांत विंडोज ७ चीच मशीनं जास्त, आणि तीही पॅच न टाकलेली.

तेव्हा माझं मत असं की ऑपरेटिंग सिस्टीमच्या पाळतीचा बोभाटा गरजेपेक्षा फार जास्त आहे. खोडून काढा.

दाव्याची_तारीख (कुडाळ)

काढते. "कंटाळवाणं आहे, म्हणून निरुपद्रवी" हा युक्तिवाद आमच्याकडे कोर्टात पहिल्या तारखेलाच पडेल.

फ्रान्समध्ये खाजगी माहितीच्या रक्षणासाठी सीएनआयएल ही सरकारी संस्था आहे. तिने जुलै २०१६ मध्ये विंडोज १० वरून मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली, की तुम्ही गरजेपेक्षा जास्त माहिती घेता. वर्षभराने प्रकरण मिटलं, कारण कंपनीने किमान पातळीवरची माहिती जवळपास निम्म्यावर आणली. आता सांगा, निम्मी काढून टाकल्यावर विंडोज बंद पडलं का? नाही ना? मग ती निम्मी आधी कशाला घेत होते? आणि तेव्हाही तुमच्यासारखे जाणकार हेच सांगत असणार, की किमान म्हणजे अगदी नडीपुरतं.

दुसरं. ही पाठवणी पूर्ण बंद करायची सोय एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत आहे, होममध्ये नाही. बंद करण्यासारखं त्यात काही नसतं, तर मोठ्या कंपन्यांना ते बटण कशाला दिलं असतं?

माझ्याकडे वाटणीचे दावे असतात. सातबाऱ्यावर गावभर नावं, निम्मी मुंबईत, दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा फायलींत "कुठला प्रोग्रॅम कधी उघडला" एवढी माहितीसुद्धा मला बाहेर जायला नको आहे. कारण विचारू नका. कारण द्यावं लागत नाही, हाच मुद्दा आहे.

पोफळवाला

वकीलबाई, नोटीस दिली, कंपनीने माहिती कमी केली, प्रकरण मिटलं. म्हणजे यंत्रणा चालते! मग आता २०१६ ची भीती कशासाठी?

दाव्याची_तारीख

२०१६ नको तर २०२४ घ्या. त्या मे महिन्यात विंडोजचं रिकॉल जाहीर झालं. दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचं चित्र काढून ठेवायचं, म्हणजे नंतर "ते मागच्या आठवड्यातलं कुठे पाहिलं होतं" हे शोधता येईल. अभ्यासकांनी थोड्याच दिवसांत दाखवून दिलं की त्या चित्रांतला मजकूर साध्या डेटाबेसमध्ये पडलेला असतो, आणि तुमच्या खात्याखाली चालणारा कुठलाही घुसखोर प्रोग्रॅम तो उचलू शकतो. जूनमध्ये कंपनीने पाऊल मागे घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये ते परत आलं ते कुलूपबंद, चेहरा किंवा बोट दाखवल्याशिवाय न उघडणारं, आणि मुळात तुम्ही हो म्हटल्याशिवाय चालू न होणारं.

हा फरक कशाने पडला? तुम्ही ज्याला बोभाटा म्हणता त्याने. आरडाओरडा यशस्वी झाला की मागाहून तो जास्त वाटतो.

पोफळवाला

रिकॉलला १६ जीबी रॅम लागते आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप लागते. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत अजून सीडी ड्राइव्ह निघतो. इथे कुणाची झोप उडावी असं ते नाही.

हापूस_पेटी (देवगड)

आज नाही. पाच वर्षांनी त्याच मशीनी जुन्या बाजारातून आपल्याकडेच येणार आहेत.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी करसल्लागार आहे. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर कॉम्प्युटरच्या डब्यातून चिखल उपसला. फायली, पावत्या, वह्या, सगळ्याचा लगदा. आणि तरी अशिलांची विवरणपत्रं वाचली, कारण डॉक्युमेंट्सचं फोल्डर आपोआप वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, चढत होतं. मी ते चालू केलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर बहुधा "नको" म्हटलं असतं.

गोपनीयतेवर बोलणाऱ्यांनी हेही जमेस धरावं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला माहिती चोरीला जाण्यापेक्षा वाहून जाण्याची भीती जास्त. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्यांना विचारा, निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी २०२० मध्ये कौलं उडाली तेव्हा हार्ड डिस्क कोण शोधत होतं.

दाव्याची_तारीख

वाचलं ते चांगलंच झालं. पण वाशिष्ठीकाठ, त्या फायली तुमच्या नव्हत्या, अशिलांच्या होत्या. त्यांचे पॅन, त्यांची उत्पन्नं. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली हे त्यांना कुणी सांगितलं? बॅकअप घ्याच, दोन-दोन घ्या. फक्त तो कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवा, सेटअप करणाऱ्या प्रोग्रॅमने नको.

वाशिष्ठीकाठ

तत्त्वाला मान्य. पण पूर तत्त्व विचारून येत नाही, आणि "ठरवतो" म्हणणारा माणूस कधी ठरवत नाही हे मी दरवर्षी ३१ जुलैच्या रांगेत बघतो.

मँगो_नव्हे_अ‍ॅपल (पनवेल)

एवढा त्रास कशाला? मॅक घ्या. विषय संपला.

पोफळवाला

१२ नोव्हेंबर २०२०. मॅकची बिग सर ही नवी आवृत्ती आली त्या दिवशी अ‍ॅपलचा एक सर्व्हर गुदमरला आणि जगभरच्या मॅकवर साधी अ‍ॅप्स उघडायला वेळ लागायला लागला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की अ‍ॅप उघडताना मॅक अ‍ॅपलकडे त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करतो, आणि ती चौकशीही उघड्यावरून. हेतू सुरक्षेचा, मान्य. पुढे अ‍ॅपलने आयपी पत्ते नोंदवणं बंद करतो असं जाहीर केलं. विषय संपत नाही, फक्त महाग होतो.

बूट_फ्रॉम_यूएसबी (मालगुंड)

मग लिनक्स! त्यातल्या डेबियन या प्रकारात कुठली पॅकेजेस (प्रोग्रॅम) वापरता ही माहिती पाठवायची का, हे बसवतानाच विचारतात, आणि आधीपासूनचं उत्तर "नाही" असतं. असं जगात करता येतं, याचा हा पुरावा.

पोफळवाला

२०१२ चं उबंटू १२.१० विसरलात वाटतं, तेही लिनक्सच. स्वतःच्या मशीनमध्ये फाइल शोधायला शब्द टाइप केला की तो बाहेर जायचा आणि खाली अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दिसायच्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमननी त्याला उघड हेरगिरी म्हटलं होतं. १६.०४ येईपर्यंत ते मुळात चालूच असायचं.

आणि समजा तुमचं लिनक्स बसवलं. आमच्याकडच्या ऑफिसांत टॅली लागतं, डिजिटल सहीचं टोकन लागतं, पंधरा वर्षांपूर्वीचे मराठी अर्ज श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात अडकलेत. ते उघडायला रात्री फोन मलाच येतो.

सुरमयेचो_काटो (मालवण)

गाववाल्यांनू, माका ह्या टेलिमेट्रीतला काय एक कळणा नाय. पण आमच्या धंद्यातली एक गजाल सांगतंय. दर्यात खडप खंय आसा, जाळा खंय अडाकता, सुरमय खंय गावता, ते जीपीएसचे पॉइंट ज्येचे त्येच्याकडे. सख्ख्या भावाक कोण देणा नाय. मी ते लॅपटॉपात लिवन ठेवलंय. आता ह्यो लॅपटॉप माका न इचारता ते खंय वर पाठवता काय, ह्या इचारणा म्हणजे बोभाटो? पोफळवाले, तुमी म्हणतास पाठवणा नाय. मगे तसा लिवन द्या.

चांदणी_होमस्टे (हर्णै)

सगळ्यांचं वाचतेय, आता माझं ऐका. अमेरिका राहू दे बाजूला.

दोन हंगामांपूर्वी लॅपटॉप घेतला. दुकान कुठलं ते सांगत नाही. चालू करताना त्याने इंटरनेट मागितलं, मग ईमेल खातं मागितलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, तुमचा ईमेल लक्षात नाही ना, थांबा, मी माझा टाकतो, काम होऊन जाईल." झालं काम. मी त्यावर पाहुण्यांचं रजिस्टर ठेवायला लागले, आधारचे फोटो डेस्कटॉपवर.

यंदा मे महिन्यात, घर भरलेलं असताना, एका अपडेटनंतर निळा पडदा: बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली टाका. कसली किल्ली? डिस्कला कुलूप लागलंय हेच मला ठाऊक नव्हतं. किल्ली त्या मुलाच्या खात्यात, आणि मुलगा नोकरीला पुण्यात. त्याला शोधला. बिचारा भला, त्याने खातं उघडून दिलं. त्यात माझी किल्ली होती, माझ्या पाहुण्यांची आधार कार्डं होती, आणि शिवाय एका दवाखान्याचे रिपोर्ट आणि कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या होत्या. त्याने ज्यांना ज्यांना "मी माझा टाकतो" म्हटलं होतं, त्यांचं सगळं एकत्र.

त्याने त्यातलं काही पाहिलंही नसेल. पण मी माझ्या पाहुण्यांना काय सांगू?

पोफळवाला

चांदणीताई, हेच तर मी पहिल्या ओळीपासून सांगतोय! गळती मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला नाही, बाजारपेठेत आहे. लोक सातासमुद्रापलीकडच्या कंपनीला घाबरतात आणि काउंटरवरच्या पोराला पासवर्ड सांगतात.

दाव्याची_तारीख

नाही हो, हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे. त्या मुलाने स्वतःचा ईमेल का टाकला? विंडोज ११ च्या सेटअपला खातं हवंच असतं म्हणून. इंटरनेटशिवाय पुढे जायच्या आडवाटा होत्या, त्याही २०२५ पासून एकेक करून बुजवायला घेतल्या आहेत. खातं झालं की डिस्कला कुलूप, किल्ली खात्यात, डेस्कटॉप वनड्राइव्हवर. यातली प्रत्येक गोष्ट सुरक्षेच्या नावाने आली, आणि प्रत्येकीने गृहीत धरलं की माणसाला स्वतःचा ईमेल आहे, तो इंग्रजी पडदा वाचतो आणि दुकानदारापुढे "थांबा" म्हणतो. हर्णैच्या बंदरावर जाऊन हे गृहीतक तपासा.

वाशिष्ठीकाठ

कायदा काय म्हणतो यावर?

दाव्याची_तारीख

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. गंमत अशी की त्या कायद्याच्या नजरेत पाहुण्यांची माहिती गोळा करणाऱ्या चांदणीताईसुद्धा जबाबदार धरल्या जातात. खातं सक्तीचं करणाऱ्या कंपनीकडे वकिलांची फौज आहे. ताईंकडे कोण?

ताई, आजपासून पाहुण्यांकडून मास्क केलेलं आधार मागा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बाकीचं आपण फोनवर बोलू.

चांदणी_होमस्टे

हो ताई. आणि पोफळवाले, आता त्या मुलाचं खातं कसं काढायचं तेवढं सांगा.

पोफळवाला

आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. हे पहिलं, यात घाई नको. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, तिथे "युवर इन्फो" मध्ये कुणाचं नाव दिसतं ते बघा, आणि तिथूनच लोकल अकाउंटवर या. वनड्राइव्हमध्ये जाऊन बॅकअप थांबवा, फायली तुमच्या फोल्डरमध्ये परत आल्यात का ते तपासा, मगच त्या मुलाला त्याच्या खात्यातून तुमचं पुसायला सांगा. बिटलॉकरची नवी किल्ली घेऊन कागदावर छापा. डायग्नॉस्टिकचं "ऑप्शनल" बटणही बंद करून टाका.

हापूस_पेटी

उगाच बोभाटा म्हणणारा माणूस बटण बंद करायला सांगतोय, याची नोंद घ्यावी.

पोफळवाला

घ्या. धोका छोटा आहे म्हणालो, बटण आहे तर वापरू नका असं कुठे म्हणालो?

मालवणकर, तुमचं राहिलं. लिहून देतो: डायग्नॉस्टिकच्या किमान पातळीत तुमचे पॉइंट जात नाहीत. मात्र ती फाइल डेस्कटॉपवर असेल आणि वनड्राइव्ह चालू असेल, तर जातात.

सुरमयेचो_काटो

म्हणजे जातत. शनिवारी होडी वर काडलंय काय लॅपटॉप घेवन येतंय.