पावशेराचा पाव, पायाने मळलेला पाव: हा मेसेज आता तरी थांबवा

माझगावकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल तो मेसेज परत आला. 'पाव हा अस्सल संस्कृत शब्द. पावशेर पिठाचा करायचे म्हणून पाव. काही ठिकाणी पायाने मळायचे म्हणून पाव. पोर्तुगीजांचा काडीचा संबंध नाही.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर पार्किंगपर्यंत भांडण जातं, म्हणून इथे लिहितोय.

पोर्तुगीजमध्ये ब्रेडला 'पांव' म्हणतात, उच्चार नाकातला. मूळ लॅटिन 'पानिस'. कोकणीत आजही अनुस्वार देऊन पांव लिहितात, आणि तो भाजणारा पोदेर हासुद्धा पोर्तुगीज 'पादेइरु'च. आपण तेवढा अनुस्वार गाळला. बटाटा, पगार, चावी, घमेलं, काजू तिकडूनच आले, त्यांच्याबद्दल कोणाच्या पोटात दुखत नाही. पावाचंच का दुखतं?

पावशेरातला पाव वेगळा. तो 'पाद'वरून आलेला. चार पायांतला एक म्हणजे चौथा हिस्सा. पादोनचं पाऊण झालं, सपादचं सव्वा. हिंदीतला पाँवही त्याच पादाचा. म्हणजे पावशेरवाले आणि पायवाले, दोघं नकळत एकाच शब्दाला धरून बसलेत, आणि तो शब्द ब्रेडचा नाहीच. पोर्तुगीजमध्ये पादाचा खरा भाऊबंद आहे 'पे', म्हणजे पाय. आणि 'देवा, मला पाव' मधला तिसरा पाव 'प्राप्'वरून आला. पावती त्याच घरातली. उच्चार एक, घरं तीन.

गिरगावचा_जुना
माझगावकर, मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. आमच्या घरात पितळी तराजू होता आणि पावशेराचं वजन मी या हाताने उचललंय. आजोबा सांगायचे, पावशेराचा म्हणून पाव. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो, मग शब्दाला परदेशातून आईबाप कशाला आणायचे? आपल्याकडे काही चांगलं निघालं की ते बाहेरचंच, हे ऐकून कान किटले. आणि पोर्तुगीजांचं नाव काढता म्हणून सांगतो. त्यांनी पाव काय खायला दिला? विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली. तेही लिहा की.

योकोहामा_रिटर्न
आजोबांचा मान ठेवून एक सांगतो. मी दोन वर्षं जपानात होतो. पहिल्याच आठवड्यात दुकानात 'पान' अशी पाटी दिसली. मी मराठी माणूस, मला वाटलं विड्याचं पान! आत गेलो तर ब्रेडचा घमघमाट. जपानीत ब्रेडला पानच म्हणतात, कारण १५४३ साली पोर्तुगीज तिथे पोचले आणि शब्द ठेवून गेले. श्रीलंकेत सिंहलीतही ब्रेड म्हणजे पान, तोही पोर्तुगीजांकडूनच. आता जपानात पावशेर कुठून आला? पायाने मळायची गोष्ट तिथे कोणत्या शब्दावर बसवणार? एकच शब्द गोव्यात, कोलंबोत, जपानात सापडतो. ही सगळी त्यांच्या जहाजांची बंदरं आहेत.

बाओ_खाल्लाय_का
मग चिनी 'बाओ'चं काय? वांद्र्याला सगळीकडे मिळतो. तोही मऊ, पांढरा, पावासारखाच. कदाचित पाव तिकडून आला असेल.

योकोहामा_रिटर्न
नाही. चिनी 'बाओ' म्हणजे गुंडाळणं, सारण आत गुंडाळतात म्हणून. व्हिएतनामीतला 'बान्ह' फ्रेंच वाटतो, पण तो चिनी शब्दावरून आलाय. स्पेनमधल्या कॅटलान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता आणि ब्रेड म्हणजे 'पा'. हवाईच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपलं. नुसतं कानाला लागलं म्हणून नातं जोडत बसलो तर वडापाव म्हणजे 'वडा संपला' असं लिहावं लागेल.

भट्टी_पहाटे_तीन
पायाने मळतात हे लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. माझे वडील नागपाड्याच्या बेकरीत कामाला, मीही लहानपणी तिथेच झोपायचो. लाकडाच्या लांब पेटीत मैदा, दोन माणसं समोरासमोर, कोपरापर्यंत हात आत. वडिलांच्या मनगटाला कायम पट्टी असायची. रात्री पीठ फुगायला ठेवायचं, पहाटे गोळे तोडून पत्र्यावर एकमेकांना चिकटवून मांडायचे, म्हणून लादी बनते. आमच्या लादीत सहा पाव. त्याचा पावशेराशी हिशेब जुळवून दाखवा.

आणि शब्दावर भांडताय तर भट्टीवरही बोला. २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस-वीज घ्या म्हटलं. धूर नको हे मलाही पटतं, छातीत तो मीच भरून घेतलाय. पण नवी भट्टी घ्यायला पैसा कोण देणार? पावाचा भाव दोन रुपये वाढला की हीच सोसायटी बोंब मारते.

माझगावकर
भट्टीचा मुद्दा खरा आहे. वेगळा धागा काढा, मी येतो.

उत्तनची
इतका वेळ वाचत होते. गिरगावकाका, ते विहिरीचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते सहज घेता येत नाही.

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडची मूळची ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतो, तुमच्यापेक्षा वेगळ्या चालीची. पाचवीत मी डब्यात पाव आणि सुक्या बोंबलाची चटणी नेली होती. शेजारच्या मुलीने तिचा डबा उचलला आणि दुसऱ्या बाकावर गेली. म्हणाली, 'ही पाववाली आहे, हिच्या आजोबांनी पाव खाऊन धर्म सोडला.' दहा वर्षांच्या मुलीला हे कोणीतरी घरी शिकवलेलं असतं. त्या दिवसापासून मी डब्यात चपाती न्यायला लागले. आई रोज पहाटे उठून लाटायची आणि कधी विचारलं नाही का ते. तिला कळलं असणार.

'पाववाला' ही शिवी होती, काका. आमच्या लोकांसाठी खास ठेवलेली. आज त्याच शाळेच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी आहे आणि रांगेत सगळे उभे असतात. आता पाव संस्कृत झाला! आम्ही खात होतो तेव्हा बाटलेला होता, तुम्ही खायला लागलात तेव्हा अस्सल झाला. मला त्या मेसेजचा राग येतो तो याचा.

गिरगावचा_जुना
बाई, मी तुम्हाला काही म्हटलेलं नाही. विहिरींची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती उगाच नाही. इतिहास बोलायचाच नाही का आता?

उत्तनची
बोला ना. १५३४ च्या तहाने वसईबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, पुढे इंग्रजांना मिळाली. जुलूम झाले, तेही लिहा. पण विहिरीत पाव पडल्यावर ज्यांना गावाने परत घेतलं नाही, त्यांना बाहेर कोणी ठेवलं? पाव टाकणाऱ्याने की दार लावणाऱ्याने? आमच्या आजीने हा प्रश्न मला विचारला होता, मी तुम्हाला विचारते.

गिरगावचा_जुना
हे शब्दाच्या धाग्यात कशाला?

उत्तनची
विहीर तुम्हीच आणलीत.

भट्टी_पहाटे_तीन
काका, ती बरोबर बोलतेय. आम्हालाही 'हातचं नको' म्हणणारे होतेच, पाव मात्र चालायचा.

माझगावकर
दोघांनीही जरा दमाने. पण काका, उत्तर द्यायला हवं तुम्ही.

गिरगावचा_जुना
रात्रभर विचार केला. डब्याची गोष्ट डोक्यातून जाईना. आमच्या आईने पाव कधी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. वडील आजारी असले की चहाबरोबर एक पाव यायचा, तोही बाहेरच्या पडवीत बसून. मी विचारलं तर म्हणायची, 'ते त्यांचं.' म्हणजे आमच्या घरात तो कोणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मी आज त्याला संस्कृत कोणत्या तोंडाने म्हणणार? विहिरीचं वाक्य मागे घेतो. शब्द पोर्तुगीज आहे, मान्य. पण पावशेराशी जुळला म्हणूनच तो इथे असा मुरला असणार, ते मी सोडणार नाही.

माझगावकर
ते सिद्ध करायला काही नाही तुमच्याकडे. पण असू शकतं.

उत्तनची
वाक्य मागे घेतलंत, वाचलं. राग लगेच जाणार नाही माझा. माझी आजी पांव म्हणायची, नाकातून, अगदी शेवटपर्यंत. आम्ही पोरं तिला हसायचो आणि 'पाव म्हण गं' म्हणायचो.

भट्टी_पहाटे_तीन
आमचा पहिला पत्रा साडेचारला निघतो. काका, गिरगावातून चालत अर्धा तास लागेल. गरम लादी हातात घ्या एकदा, पडवीत बसून नाही, भट्टीसमोर.

गिरगावचा_जुना
साडेचारला जाग असतेच. पत्ता टाका.