'इम्युनिटी वाढते' म्हणणाऱ्यांसाठी: गरोदरपण, तान्ही बाळं आणि इन्फेक्शन

उंबरठा:
परवा जुनंखोड यांची पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सार सांगते. हल्लीच्या गरोदर बायका इन्फेक्शनचा नुसता बाऊ करतात, बाळाला घ्यायच्या आधी हात धुवा काय, पापा घेऊ नका काय, आम्ही चार भावंडं एकमेकांचं उष्टं खाऊन वाढलो, जंतू पोटात गेले की इम्युनिटी वाढते, बाकी सगळा लस कंपन्यांचा धंदा. खाली बदामांची रास.

तर काका (काका म्हणतेय कारण पोस्टवरून तरी तसेच वाटता), सगळे जंतू एकाच माळेचे मणी आहेत का? आणि इम्युनिटी वाढते ती कुणाची, आईची की पोटातल्या दहा आठवड्यांच्या जिवाची, ज्याचे कान अजून धड तयारही झालेले नाहीत? रुबेलाचंच घ्या. आईला काय होतं, अंगावर जरा पुरळ, दोन दिवस कणकण, कित्येकींना तर पत्ताही लागत नाही. तोच रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयात दोष. हे १९४१ साली नॉर्मन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डोळ्यांच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, कारण त्याच्याकडे एकाएकी जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं यायला लागली आणि आयांकडे चौकशी केली तर बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत पुरळ येऊन गेलेलं. तेव्हा लसच नव्हती हो, मग धंदा कुणाचा? अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत साधारण २०,००० बाळं हे दोष घेऊन जन्मली. लस आली १९६९ ला.

आता उष्ट्याचं, कारण ते मला लागलंय. माझा मोठा दोन वर्षांचा होता, पाळणाघरात जायचा, नाक कायम वाहतं. मी दुसऱ्यांदा गरोदर. त्याच्या ताटलीतलं उरलेलं मीच संपवायचे, त्याचाच चमचा तोंडात घालायचे, तोंडावर पापे. चौथ्या महिन्यात दोन दिवस ताप आणि नुसता थकवा, सगळे म्हणाले होतं असं. मुलगी झाली, जन्मल्यावरची कानाची तपासणी पास. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हाही सगळे म्हणाले काही मुलं बोलतात उशिरा. शेवटी तपासलं तर डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धवट. डॉक्टरांनी सीएमव्हीचा, म्हणजे सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा, संशय घेतला. पण बाळाला ते जन्माआधी झालं की नंतर हे नक्की सांगायचं तर लघवी नाहीतर लाळ पहिल्या २१ दिवसांत तपासावी लागते, आम्ही गेलो अडीच वर्षांनी. म्हणजे त्याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण जन्मतः येणाऱ्या इन्फेक्शनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं हेच, आनुवंशिक कारणं सोडली तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं मोठं कारण हेच, आणि ते येतं कुठून तर लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून, म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या थोरल्याकडून. याच्यावर लस नाहीये, फक्त चमचा वेगळा ठेवायचा, लंगोट बदलला की हात धुवायचे आणि पापा तोंडाऐवजी डोक्यावर घ्यायचा. एवढं मला नऊ महिन्यांत एकाही माणसाने सांगितलं नाही. आणि तुम्ही त्या उष्ट्याचे गोडवे गाताय.

जुनंखोड:
मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ताई, तुम्हीच म्हणताय नक्की सांगता येत नाही आणि तुम्हीच त्यावर अख्खा निबंध लिहिलाय. एका घरातल्या गोष्टीवरून सगळ्या जगाला घाबरवायचं का? आणि मी हवेत बोलत नाही, मीही थोडंफार वाचतो. १९८९ मध्ये स्ट्रॅचन नावाच्या माणसाने १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासून दाखवलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना गवताच्या परागकणांची ॲलर्जी कमी. म्हणजे भावंडांचं शेंबूड-सर्दी उपयोगीच की. तुम्ही घर फिनेलने धुता आणि मग मुलाला दमा झाला म्हणून रडता. मी स्वतः गेले तीन आठवडे खोकतोय, गेलो का डॉक्टरकडे? नाही. शरीराला त्याचं काम करू द्यावं माणसाने.

लॅबमधला:
काका, स्ट्रॅचनचं बरोबर आहे पण अर्धंच. त्याने ॲलर्जी बघितली होती, रुबेला झाल्याने बाळ धडधाकट निघतं असं कुठे म्हणालाय तो? नंतर त्या विचाराचीही दिशा बदलली, आता म्हणतात की उपयोगी पडतात ते माती, जनावरं, आपलं आतडं यांच्यातले निरुपद्रवी जंतू, माणसाबरोबर हजारो वर्षं राहिलेले. गोवर, डांग्या खोकला हे त्यात नाहीत. गोवर तर उलट आधी कमावलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, २०१९ मध्ये अँटिबॉडी मोजून दाखवलंय. त्यामुळे मुलाला मातीत लोळू द्या, माझी ना नाही.

पण उंबरठा ताई, तुमच्या असल्या पोस्टचा एक दुष्परिणाम आहे आणि तो माझ्या टेबलावर येतो. हे वाचून उद्या दहा जणी 'टॉर्च टेस्ट करा' म्हणून येतील. टोक्सो (मांजराच्या शीतून, अर्धकच्च्या मांसातून येणारा परजीवी), रुबेला, सीएमव्ही, हर्पिस, सगळं एका दमात, कारण नसताना. मग आयजीजी, म्हणजे जुन्या लागणीची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आलं की घरात सुतक. अहो आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलंय, बहुतेक वेळा चांगलीच बातमी असते ती. आयजीएम, म्हणजे लागण झाल्यावर आधी दिसणारी अँटिबॉडी, तीसुद्धा महिनोन्‌महिने रेंगाळते, त्यावरून लगेच 'आत्ता झालंय' म्हणता येत नाही. त्यासाठी अ‍ॅव्हिडिटी बघतात, म्हणजे अँटिबॉडी जंतूला किती घट्ट चिकटते ते, ती जास्त आली की इन्फेक्शन गेल्या तीन-चार महिन्यांतलं नाही एवढं कळतं. रिपोर्ट बघून रडणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात की आता त्या टेस्टचं नाव काढलं तरी चिडचिड होते.

मनीमाऊ:
लॅबमधला दादा, तुमच्या तोंडात साखर पडो!! माझं हेच झालं. आठव्या आठवड्यात टोक्सो आयजीजी पॉझिटिव्ह आलं आणि घरात पहिला हुकूम, मांजर बाहेर. सात वर्षांची मांजर, माझ्या लग्नाआधीपासूनची. एका ओळखीच्यांकडे देऊन आले, तिने तिथे आठवडाभर काही खाल्लं नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघून विचारलं, आयजीएम तर निगेटिव्ह आहे, मग मांजर का दिलीत? काय सांगणार त्यांना.

सरळसोट:
ताई, रागावू नका, पण बाळापेक्षा मांजर जास्त आहे का? थोडी जरी रिस्क असेल तर घ्यायचीच कशाला. एवढं काय आहे त्यात.

मनीमाऊ:
रागावू नका म्हणायचं आणि मग रागावण्यासारखंच लिहायचं, वा. ऐका आता. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे, शीमधून टोक्सो सोडते. आणि ती शी ताजी असताना लागतच नाही, निदान एक दिवस तरी पडून राहावी लागते. रोजच्या रोज साफ केली तर प्रश्नच मिटला, आणि साफ गरोदर बाईनेच केली पाहिजे असं कुठे लिहिलंय, नवऱ्याला हात असतात. २००० साली युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात ३० ते ६३ टक्के लागण अर्धकच्च्या मांसातून, ६ ते १७ टक्के मातीतून, आणि मांजर पाळण्याचा संबंध लागला नाही. आमच्या घरात मांजर बाहेर गेली आणि मी मात्र हातमोजे न घालता कुंड्यांतली माती उकरत बसलेली, त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

सरळसोट:
अभ्यास काय दोन्ही बाजूंचे सापडतात. मी एवढंच म्हटलं की काळजी घेतलेली बरी. लगेच नवऱ्यापर्यंत पोचायची गरज नव्हती.

मनीमाऊ:
मग सापडवा की दुसऱ्या बाजूचा, थांबलेय मी.

लॅबमधला:
मांजराचा वेगळा धागा काढा रे कुणीतरी.

अठ्ठाविसावा_आठवडा:
मी आत्तापर्यंत गप्प वाचत होते पण आता बोलते. नाव बघून कळेलच मी कुठे आहे. मला जुनंखोड काकांचं पटत नाही, पण उंबरठा ताई तुमचंही पटत नाही. रोज एक नवीन भीती. हे खाऊ नको, त्याला हात लावू नको, पाश्चराइझ न केलेल्या दुधात लिस्टेरिया नावाचा जंतू, फ्रीजमध्येही वाढतो म्हणे, आता तर स्वतःच्या पोराचा पापासुद्धा घ्यायचा नाही. आणि काही झालं की विचारणार आईलाच, काय खाल्लं होतंस, कुणाला शिवली होतीस. माझा मोठा तीन वर्षांचा आहे, रात्री कुशीत शिरतो आणि तोंडावर शिंकतो. त्याला ढकलू का मी? परवा त्याला पाळणाघरातून गालांवरच्या लालीचं ते पार्व्हो विषाणूचं इन्फेक्शन आलं, पुरळ दिसलं तोवर पसरवायचे दिवस निघूनही गेलेले, मग सांगा मी कोणती काळजी घेणार होते? चार रात्री झोपले नाही. रिपोर्ट आला, मला ते पूर्वीच होऊन गेलेलं. त्या चार रात्री कोण भरून देणार?

उंबरठा:
हे बरोबर आहे तुमचं. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नव्हतं, पण माझी पोस्ट परत वाचली तर तसं वाटू शकतं, मान्य. बहुतेक मी स्वतःलाच उभं केलंय. कुशीत घ्या हो त्याला. सीएमव्ही झालेल्या आयांची बहुतेक बाळं ठणठणीतच असतात, आणि लागण घेऊन जन्मलेल्यांतही पाचातल्या एखाद्यालाच पुढे त्रास राहतो, हे मी लिहायला हवं होतं. मला फक्त चमच्याचं कुणी सांगायला हवं होतं, तेवढंच.

रात्रपाळी:
नवजात बाळांच्या वॉर्डात मी एकोणतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा जास्त बोलते. मांजरावरून भांडताय, पण बाळाला आजारी पाडणारं मांजर मी एकही बघितलं नाही, माणसं बघितली. पाच आठवड्यांचं बाळ आणलं होतं, खोकला जवळजवळ नाहीच, मध्येच श्वास थांबायचा आणि निळं पडायचं. डांग्या खोकला. एवढ्या लहान बाळांना तो डांग्या आवाज येतोच असं नाही, तेवढं बळच नसतं. घरात विचारलं कुणी खोकतंय का, तर बापाला महिन्याभराचा 'ॲलर्जीचा' खोकला होता. ते बाळ वाचलं, सगळी वाचत नाहीत. बाळाची स्वतःची लस सुरू होते दीड-दोन महिन्यांनी, तोपर्यंत त्याच्याकडे फक्त आईने वारेतून दिलेलं असतं. म्हणून आईला २७ ते ३६ व्या आठवड्यात डांग्या खोकल्याची लस देतात, प्रत्येक गरोदरपणात, मागच्या वेळची चालत नाही. इम्युनिटी वाढवायचीच असेल ना जुनंखोड, तर ही अशी वाढवतात.

ओठाच्या कोपऱ्यावर तापाचे फोड (तेच ते हर्पिस) आलेल्या माणसाने तान्ह्या बाळाचा पापा घेतला तर काय होतं ते मी लिहीत नाही, अठ्ठाविसावा ताई वाचतायत. घेऊ नका एवढंच. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सिअस ताप म्हणजे अर्ध्या रात्री उचलून न्यायचं, घरचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. हे मात्र जरूर घाबरून करा.

आता माझं रडगाणं. मोठ्या मुलाच्या साध्या सर्दीला ॲन्टिबायोटिक मागायचं आणि जिथे खरंच लागतं तिथे नाक मुरडायचं ही फॅशन झालीय. चारातल्या एका बाईच्या योनिमार्गात ग्रुप बी स्ट्रेप नावाचा जंतू असतो, तिला काही त्रास नसतो, पण बाळाला जन्मताना लागला तर काही तासांत रक्तात पसरतो. अशा बाईला कळा चालू असताना शिरेतून पेनिसिलिन देतात. तर मला एकीने सांगितलं, नको, बाळाच्या पोटातले चांगले जंतू मरतील. कपाळ! तिच्या मोठ्याला त्याच वर्षी सर्दीसाठी चार कोर्स झाले होते, तेव्हा चांगले जंतू कुठे गेले होते?

सरळसोट:
म्हणजे मांजर नाही, बाप. बरं.

जुनंखोड:
सगळे मिळून तुटून पडलात, चांगलं आहे. मी लसीला नाही, धंद्याला विरोध केला होता, पण ते कुणी वाचत नाही. रुबेलाचं मान्य, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. उष्ट्याचं एवढं मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर ते वाक्य घातलं नसतं. पण माती-शेंबडाचं माझंच बरोबर होतं हे लॅबवाल्यानेही कबूल केलंय, त्याची नोंद घ्यावी.

लॅबमधला:
मातीचं काका. शेंबडाचं मी काही बोललो नाही.

जुनंखोड:
बरं मातीचं. रात्रपाळी बाई, एक विचारायचं होतं. लेकीला एकतिसावा आठवडा चालू आहे, पुढच्या आठवड्यात तिच्याकडे राहायला जातोय. ते डांग्या खोकल्याचं २७ ते ३६ म्हणालात ना? सहज माहितीसाठी.

रात्रपाळी:
हो, म्हणजे आत्ताच. तिने घेतली का ते आज फोन करून विचारा. आणि तुमचा तो वर लिहिलेला तीन आठवड्यांचा खोकला आधी डॉक्टरला दाखवा, तो घेऊन लेकीच्या घरी जायचं नाही.

जुनंखोड:
माझा ॲलर्जीचा आहे.

रात्रपाळी:
त्या बापाचाही ॲलर्जीचाच होता.

जुनंखोड:
बरं बाई. जातो उद्या.

सरळसोट:
मग मांजराचं काय ठरलं शेवटी?

मनीमाऊ:
परत आणली. बाळ आता दीड वर्षाचं आहे, तिची शेपटी ओढतं. अभ्यास सापडला का तुम्हाला?