एआय धोरणाच्या मसुद्यावर कॉलेजच्या मुलांनी सूचना कशा द्यायच्या?

फोंडेकर:
गटातली मुलं १८ ते २२ वयाची. सरकारी सेवांचे चॅटबॉट कोकणी-मराठीला न्याय देतील का, यावर लिहायचंय. वाचलं जाईल असं काय लिहावं?

सत्तरीकर:
कलमवार लिहा: कलम क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, दोन ओळी कारण. 'एआय सर्वसमावेशक असावं' एवढंच लिहिलंत तर ते थेट बासनात. पुरावा जोडा. रेशन, दाखले, शिष्यवृत्तीवरचे तेच २० प्रश्न मराठी, देवनागरी कोकणी आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत विचारा. उत्तर, तारीख, स्क्रीनशॉट तक्त्यात ठेवा. रोमी हमखास विसरली जाते, आणि गोव्यातल्या सासष्टीत तिच्याशिवाय भागत नाही! चाचणीत कुणाचा खरा आधार क्रमांक घालू नका.

डिचोलीकार:
सोबत आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क १० रुपये. 'असं का केलं?' विचारलंत तर बोळवण होते, कारण कायद्याने नोंदीत असलेलीच माहिती मिळते. करार, निविदा, चाचणी अहवाल यांच्या प्रती मागा. शाळकरी मुलांची माहिती गोळा करणार असाल तर जपून. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ खालच्यांना बालक धरतो, पालकांची संमती लागते.

सत्तरीकर:
आरटीआय आत्ताच टाका. उत्तराला ३० दिवस, आणि कायद्यांच्या मसुद्यांवर लोकांची मतं घ्यायच्या केंद्राच्या २०१४ च्या धोरणात मसुदा खुला ठेवायची किमान मुदतही ३०च. मसुदा आल्यावर अर्ज केलात तर वरातीमागून घोडं.