रोजचा काढा ही आपली परंपरा कधीपासून झाली?

रातांबा_कुडाळ
गणपतीला घरी गेले होते, कुडाळजवळ. ओट्यावर जिथे मिठाची बरणी आणि तिरफळांचा डबा असायचा तिथे आता चार प्लॅस्टिकच्या बाटल्या: गुळवेल, आवळा, कोरफड आणि चौथीचं लेबल तेलकट हातांनी पुसलं गेलंय. मोठी वहिनी दीड वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गुळवेल घेते. काय होतंय म्हणून? काही नाही. "चांगलं असतं."
शिवाय सुंठ-मिरीचा काढा, सगळ्या घराला, पोरांनाही. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आत सुंठ.
माझ्या आजीकडे हे सगळं होतं, पण रोज नव्हतं. काढा नाक वाहायला लागल्यावर, तीन दिवस. कुड्याचं पाळ, म्हणजे कडू काढा, पोट बिघडलं तर (आम्ही माडाच्या मागे लपायचो). टाकळ्याची भाजी पहिल्या पावसात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या श्रावणात. पित्त उठलं की आमसुलाचं पाणी अंगाला. प्रत्येक गोष्टीला ऋतू होता नाहीतर दुखणं होतं. "सर्वांसाठी, बाराही महिने" हे आजीचं नाही, बाटलीचं आहे.
आणि परंपराच म्हणाल तर चरकाने आपल्या संहितेत, विमानस्थान नावाच्या भागात, तीन गोष्टी फार वापरू नका म्हणून सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी पौष्टिक रसायन असूनसुद्धा. तर बोला.

डोंबिवलीकर_चाकरमानी
अजिबात पटलं नाही. आपल्या प्रत्येक कालवणात हळद पडते, ती रोजच नाही का? २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेच सांगितलं होतं: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा. १५० मिली दुधात अर्धा चमचा हळद. च्यवनप्राश रोज १० ग्रॅम. मंत्रालयही बाटलीवाल्यांचं का?
हळदीवर तर अमेरिकेत १९९५ साली पेटंट घेतलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी संशोधन संस्थेने, लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. जगाला किंमत कळते, आपल्यालाच घरचं नको.

औषधांचं_दुकान (रत्नागिरी)
पेटंटचं उदाहरण उलटं लागू होतं हो. ते जखमेवर हळद लावण्याबद्दल होतं आणि रद्द झालं कारण ती गोष्ट भारतात आधीपासून माहीत होती. हळद रोज पोटात घेतल्याने काय होतं, हा प्रश्न तिथे नव्हताच.

डोंबिवलीकर_चाकरमानी
मग हे घ्या. १९९८ चा बंगळुरूचा अभ्यास. मिरीतल्या पायपरीनबरोबर हळदीतलं कर्क्युमिन २००० टक्के जास्त शोषलं जातं. आपल्या बायका हळद-मिरी एकत्र वाटायच्या ते उगीच?

औषधांचं_दुकान (रत्नागिरी)
त्यात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते ढोबळमानाने ३ टक्के. म्हणजे एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम हळद! तेवढ्यात आख्ख्या वाडीचं बांगड्याचं तिखलं होईल. आणि पायपरीन फक्त हळदीला आत घेत नाही, फिटच्या गोळीसारख्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं.
काउंटरवर रोज बघतो ते सांगतो. एक भजनी बुवा, आवाजासाठी वर्षभर ज्येष्ठमध चघळत होते. बीपी काही केल्या उतरेना, गोळी दोनदा वाढवून झाली. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की अंगात पाणी-मीठ धरतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी चढतं. डॉक्टरला सांगितलं का विचारलं तर म्हणाले, "ते काय औषध आहे?" रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर हळदीच्या कॅप्सूल घेणारे तर कितीतरी.
आणि गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले, गुळवेल घेत होते आणि यकृताला इजा झाली होती. रातांबाताई, वहिनींची लिव्हरची तपासणी करून घ्या. घाबरवत नाही.

वैद्य_चिपळूण
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या अहवालात वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने तेव्हाच घेतला होता. गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल असतो आणि लोक कुंपणावरून काहीही ओढून आणतात. दोष ओळखीचा, गुळवेलीचा नव्हे. तुमच्या काउंटरवरून पेनकिलर चिठ्ठीशिवाय किती जातात तेही लिहा एकदा.
धागाकर्तीला: चरक वाचलात, आनंद आहे. त्याच चरकाने सूत्रस्थानात रोज काय घ्यावं त्याचीही यादी दिलीय. साठेसाळीचा तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचं पाणी, दूध, तूप, जांगल मांस, मध. तेव्हा "रोज" हा शब्द आयुर्वेदात नाही असं समजू नका.

रातांबा_कुडाळ
यादी दिलीत ते फार बरं झालं. दहांत आवळा सोडला तर सगळं जेवण आहे! गुळवेल कुठे आहे त्यात? सुंठ? आणि पावसाळा संपून ऊन तापायला लागलं की शरद, पित्ताचा काळ, हे तुम्हीच शिकवता ना. मग या दिवसांत सगळ्या घराला सुंठ-मिरी कोणत्या संहितेत बसते? ओळखीचा दोष म्हणता तर बाटलीतला रस वहिनीने कसा ओळखायचा?

वैद्य_चिपळूण
शरदात तो काढा मीही देणार नाही. बाटलीबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही. पण लोकांना "घेऊ नका" म्हणू नका, "विचारून घ्या" म्हणा.

खारं_वारं
माजी आवस ८२ वर्सांची आसा. सकाळी पेज नि खारातलो आंबो. तिका इचारलंय, आये, इम्युनिटी म्हंजे काय गो? म्हणता, खंयच्या दुकानात गावता?

आमसुलवाली (वेंगुर्ला)
माझं पोट यावर आहे म्हणून बोलते. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. पाऊस आधी आला तर सगळं बुरशीला. बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, टाचेच्या भेगांना. एवढं करून स्टॉलवर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक विचारतं, "याने वजन उतरतं का?" कोकमातलं ॲसिड कॅप्सूलमध्ये विकतात म्हणे, ते वाचून येतात. मी नाही म्हटलं की शेजारच्या स्टॉलवर जातात, तिथे फळकुटावर लिहिलंय "शुगर, बीपी, चरबी". मी फक्त "पाचक" लिहिते. आता तेही काढू का?

औषधांचं_दुकान (रत्नागिरी)
ताई, शेजारच्याचं ते फळकूट १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, तिन्ही त्या यादीत आहेत. तुमचं "पाचक" राहू द्या. फक्त आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, बाटलीवर मीठ किती ते लिहा. रोज वाटीभर सोलकढी पिणारे बीपीवाले माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांना वाटतं ते पथ्यावर आहेत.

आमसुलवाली (वेंगुर्ला)
मीठ लिहिलं तर कोण घेणार? मीठ घातलं नाही तर टिकणार कसं? बघते.

भातलावणी_कणकवली
तुम्ही सगळे बाटलीवर भांडताय. माझं दुखणं वेगळं आहे.
आमच्या शेजारचा माणूस, पंचेचाळिशीचा, लावणीच्या दिवसांत तापला. चिखलात दिवसभर उभा, पायाला भेगा. ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. घरच्यांनी गवती चहा, आलं, तुळस, मिरी दिली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले तर कावीळ म्हणून दुसऱ्या गावात पाल्याचं औषध द्यायला नेलं, तिथे पथ्य सांगितलं. लघवी बंद झाली तेव्हा तालुक्याला आणलं. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा जंतुसंसर्ग. सुरुवातीला डॉक्सीसायक्लिनची साधी गोळी मिळाली असती तर कदाचित वेळ आली नसती. डायलिसिसवर गेला, वाचला, पण त्या वर्षी शेत पडीक.
काढ्याने त्याला काहीच अपाय केला नाही. चार दिवस खाल्ले, एवढंच. दोडामार्गात २०१६ पासून माकडतापही आहे. आपल्याकडे ताप म्हणजे नुसता ताप नसतो.

डोंबिवलीकर_चाकरमानी
वाईट वाटलं. पण दोष काढ्याचा कसा? पावसात वाडीतून एसटी नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर असेल याची खात्री नाही, रिक्षाला पाचशे रुपये. हाताशी असतं ते आलं आणि तुळस. डॉक्टर आणा दारात, काढा आपोआप मागे पडेल.

भातलावणी_कणकवली
हे मान्य. पण त्या घरी मोटरसायकल होती. "दोन दिवस काढा घेऊन बघू" म्हणून थांबले. मी पण तेच म्हटलं होतं त्यांना.

रातांबा_कुडाळ
वहिनीला धागा वाचून दाखवला. तपासणीला जाईन म्हणाली, बाटली मात्र टाकणार नाही, साडेतीनशेची आहे. पोरांचा काढा बंद केलाय. तो त्यांनी तसाही कुंडीत ओतायला सुरुवात केली होती, तुळस सुकली तेव्हा कळलं.

डोंबिवलीकर_चाकरमानी
माझं मत तेच आहे. आमसुलवाली ताई, आगळ डोंबिवलीला कुरिअर करता का? दोन बाटल्या.

आमसुलवाली (वेंगुर्ला)
काचेची बाटली वाटेत फुटते हो, दोनदा अनुभव घेतला. कोण येणारं असेल तर त्यांच्या हाती पाठवते. मीठ जास्त आहे, आधीच सांगते.